बनावट परताव्याचे ई-मेल : ओळख व प्रतिबंध

बियाणे घेताना आपण पिशवीवरील लेबल, लॉट नंबर व मुदत तपासतो. पैसे परत मिळण्याचा ई-मेल आल्यास तीच दक्षता घ्यावी. मुदत ठेवीच्या व्याजावर कापलेला आयकर काहींना विवरणपत्र भरल्यानंतर परत मिळतो. याचाच फायदा घेऊन भामटे ‘आपला परतावा मंजूर झाला आहे, लिंकवर खात्याची माहिती भरा’ असा ई-मेल पाठवितात. लिंकवर आयकर खात्यासारखेच पान उघडते. तेथे भरलेली माहिती भामट्यांच्या हाती पडते आणि खते-बियाण्यांसाठी ठेवलेली रक्कम काही मिनिटांत खात्यातून जाऊ शकते.

बनावट ई-मेल कसा ओळखावा?

१) लिंकचा पत्ता पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत पहावा. त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असा नसून पुढे ‘डॉट कॉम’ वगैरे असल्यास ते आयकर खात्याचे पान नव्हे.

२) ‘आजच भरा, अन्यथा परतावा रद्द’ अशी घाई केलेली असते.

३) ओटीपी, पासवर्ड, कार्ड क्रमांक किंवा पिन मागितलेला असतो. आयकर खाते ई-मेलने ही माहिती मागत नाही.

४) सोबत फाईल किंवा ॲप उतरवून घेण्यास सांगितलेले असते.

पाठविणाऱ्याचा पत्ताही बनावट दाखविता येतो. म्हणून केवळ त्यावर विसंबू नये.

खरा परतावा कसा मिळतो?

परतावा पोर्टलवर आधी पडताळणी केलेल्या बँक खात्यात थेट जमा होतो. शंका असल्यास ई-मेलमधील लिंक न वापरता ‘इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन’ हा पत्ता स्वतः टाकून स्थिती पहावी. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकल्यास पैसे आपल्या खात्यातून जातात, हे पक्के ध्यानात ठेवावे.

फसवणूक झाल्यास

ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी व बँकेस कळवून खाते, कार्ड बंद करून घ्यावे. रक्कम पुढे काढली जाण्यापूर्वी तक्रार पोहोचल्यास ती गोठविता येते. ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असल्यास बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे व त्यानंतरचे बँकेचे, असे रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केले. म्हणून संकोचाने गप्प राहू नये. घरातील मोबाईल वापरणाऱ्या सर्वांना ही माहिती अवश्य द्यावी.