लहान पाणबुडीची प्रतिकृती

अंधेरी किंवा मुलुंड स्थानकात उभा असलेला लोकल गाडीचा एक डबा डोळ्यांपुढे आणावा. दुसऱ्या महायुद्धात जपानी आरमाराने बांधलेली लहान पाणबुडी या डब्याहून तीन-चार मीटरच अधिक लांब होती. रुंदीला मात्र ती त्याच्या जेमतेम निम्मी भरे. लांबी २३.९ मीटर, रुंदी १.८५ मीटर, वजन सुमारे ४६ टन. एवढ्याशा नळकांड्यात दोन माणसे, विजेचे घट आणि पुढच्या टोकाला दोन पाणतीर!

तिची प्रतिकृती करावयाची तर प्रथम प्रमाण ठरवावे लागते. बहात्तरास एक असे प्रमाण घेतले, की लांबी ३३ सेंटिमीटरांहून किंचित अधिक येते व रुंदी अडीच. वजनाचे गणित निराळे आहे. लांबी, रुंदी व उंची ही तिन्ही घटतात. म्हणून वजनाला बहात्तराने एकदा नव्हे, तीनदा भागावे लागते. ४६ टनांचे मग जेमतेम सव्वाशे ग्रॅम उरतात.

हलके लाकूड कानशीने व काचकागदाने घासावे. गोलाई नुसत्या नजरेने ठरवू नये. पुठ्ठ्याचे अर्धगोल साचे कापून ते जागोजागी लावून पाहावेत. फटीतून उजेड दिसला, तर साचा जेथे टेकला असेल तेथे आणखी घासावे. मागे एकापाठोपाठ दोन पंखे बसतात. ते परस्परविरुद्ध दिशांनी फिरत, म्हणून त्यांची पाती उलटसुलट वळवावी लागतात. पुढच्या टोकाशी जाळी कापण्याची पाती असतात. हा बारीक भाग वगळण्याचा मोह होतो. पण तो वगळला, तर पाणबुडीची कथाच वगळली जाते.

३१ मे १९४२ च्या रात्री अशा तीन पाणबुड्या ऑस्ट्रेलियातील सिडनी बंदरात शिरण्यास निघाल्या. पहिली पोलादी जाळ्यातच अडकली. ती पाती तिच्या कामी आली नाहीत. दुसरी स्फोटकांच्या माऱ्याने बुडाली. तिसरीने एका अमेरिकन युद्धनौकेवर सोडलेला पाणतीर नेम चुकून 'कुटाबुल' या नौकेखाली फुटला व २१ नाविक मृत्युमुखी पडले. कुटाबुल ही पूर्वी उतारूंची ने-आण करणारी साधी बोट होती.

पहिल्या दोन पाणबुड्या वर काढल्या, तेव्हा त्यांतील चार जपानी नाविकांवर ऑस्ट्रेलियाच्या आरमाराने लष्करी इतमामाने अंत्यसंस्कार केले. युद्ध चालू असता शत्रूला हा मान कशासाठी, असे तेव्हा अनेकांनी विचारले. तरीही त्यांची रक्षा जपानला पोहोचविण्यात आली.

तिसरी पाणबुडी २००६ मध्ये समुद्रतळाशी सापडली. पहिल्या दोहोंचे भाग जोडून केलेली एक पाणबुडी कॅनबेरा येथील युद्धस्मारकात आहे. तिच्या छायाचित्रावरून प्रतिकृती करणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे, की समोर दिसते ती एक पाणबुडी नव्हे. त्या दोन आहेत.