मोडेम बदलण्याआधी भिंतीतली वायर बघा

“बाहेरचा राउटर आमच्या लाइनवर चालत नाही,” हे नेटवाल्याचं वाक्य धादांत खोटं आहे. सुरुवात इथूनच करते, कारण या एका वाक्यापायी माझे साडेतीन हजार रुपये गेले आणि जीएसटीच्या ऐन तारखांना माझं काम अडलं. उलव्यात राहणाऱ्यांनी आणि इथे नवीन घर घेतलेल्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं.

वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि घरचा राउटर गेला. आमच्या विंगेत आणखी काही जणांचेही गेले. आमच्याकडे नेटवाल्याची फायबर गच्चीपर्यंतच येते. गच्चीवर त्याचा स्विच आहे आणि तिथून डक्टमधून घराघरात तांब्याची लॅन केबल उतरते. जवळपास वीज पडली की त्या तांब्यातून दाब उसळतो आणि राउटरचा पोर्ट जळतो. काचेच्या फायबरमधून वीज वाहत नाही, तांब्यातून वाहते. इतकं साधं कारण होतं, पण ते मला कुणी सांगितलं नाही.

नेटवाल्याकडच्या मुलाने येऊन सांगितलं, “ताई, मोडेम उडालाय. आता आमचा ड्युअल बँड घ्या, सोबत दोनशेचा प्लॅन करून देतो.” मी तिथल्या तिथे विचारलं की माझ्या पसंतीचा राउटर बाजारातून आणला तर चालेल का. “नाही, आमच्या लाइनवर बाहेरचा चालत नाही.” आयडी-पासवर्ड मागितला. “तो कस्टमरला देत नाही.” बिल मागितलं. “ऑफिसमधून पाठवतो.” वीस तारीख तोंडावर होती, क्लायंटचे जीएसटीआर-३बी भरायचे होते. पैसे दिले. बिल आजतागायत आलेलं नाही. मी दिवसभर लोकांची बिलं तपासते. प्लॅनवर १८ टक्के जीएसटी न चुकता लावणारा माणूस त्याच घरात विकलेल्या वस्तूचं बिल का देत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

नवा डबा लागला. दोनशे एमबीपीएसच्या प्लॅनवर स्पीड टेस्ट केली, ९४. दुपारी केली, ९४. रात्री सगळी सोसायटी झोपल्यावर केली, ९३. पुन्हा ९४. तक्रार केली तर म्हणाले, वायफायवर एवढंच येतं. लॅपटॉपला थेट केबल लावली, तरी ९४. मग म्हणाले, तुमचा लॅपटॉप जुना आहे. तो जुना नव्हता. मग सर्व्हरवर लोड आहे. शेवटी मालकाला फोन केला, तर तो म्हणाला, “मॅडम, तुम्हाला यातलं टेक्निकल कळत नाही, आमच्या माणसाला बघू द्या.”

हे वाक्य मला लागलं आणि अजून लागतं. टेक्निकल कळत नसेल, आकडे कळतात. ज्याच्यावर लोड असतो तो आकडा वरखाली होतो. संध्याकाळी पडतो, पहाटे चढतो. जो आकडा दिवसरात्र एकाच जागी थांबतो, त्याच्यापुढे काहीतरी आडवं घातलेलं असतं. शोधलं तेव्हा उत्तर लगेच मिळालं. १०० एमबीपीएसच्या इथरनेट पोर्टवरून खरा डेटा ९४-९५च्या पुढे जाऊच शकत नाही, कारण उरलेलं प्रत्येक पॅकेटच्या आवरणात खर्च होतं. म्हणजे माझी लाइन कुठेतरी शंभरवर बांधलेली होती आणि मला दोनशेचे पैसे लावले होते.

डबा उलटा करून पाहिला. मागे फायबरचं हिरवं तोंड होतं आणि त्यावरचं धुळीचं रबरी टोपण जसंच्या तसं बसलेलं होतं. मला विकलेलं यंत्र फायबरचं होतं, ओएनयू. आमच्या घरात फायबर येतच नाही. त्याच्या चार लॅन पोर्टपैकी एक सेटिंग बदलून आत येणाऱ्या केबलसाठी वापरला होता. ज्या भागासाठी त्या डब्याची किंमत जास्त, तो भाग माझ्या घरी कधीच वापरला जाणार नव्हता.

खरी गोष्ट पुढे निघाली. लिफ्टबाहेरच्या दिव्यासाठी सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने डक्ट उघडला होता. मी त्याला नेटची केबल दाखवायला सांगितली. गच्चीवरून आमच्या मजल्यावर एकच केबल आली होती. तिचं वरचं आवरण सोलून आतल्या आठ तारा दोन भागांत वाटल्या होत्या. केशरी आणि हिरवी जोडी माझ्या घरात, निळी आणि तपकिरी जोडी शेजारच्या घरात. गिगाबिट वेगाला आठही तारा लागतात. चार तारांवर शंभरच चालतं. एका केबलचे पैसे वाचवायला दोन घरं शंभरवर बांधली होती आणि दोन्ही घरांना दोनशेचा प्लॅन विकला होता. जगातला कितीही महाग राउटर आणला असता तरी आकडा ९४च राहिला असता. आणि हे नेटवाल्याच्या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कारण ती केबल त्यानेच सोलली होती.

फोटो काढून मालकाला पाठवले. उत्तर आलं, “सगळीकडे असंच करतात, चालतं.” शेजारच्या काकांनी आणि मी मिळून लेखी तक्रार दिली आणि कमिटीलाही कळवलं, तेव्हा कुठे नवीन केबल ओढली गेली. मी माझ्या पसंतीचा राउटर आणला. “बाहेरचा चालत नाही” म्हणणाऱ्यांच्याच लाइनवर तो पहिल्या झटक्यात चालला आणि आकडा १९०च्या वर गेला. साडेतीन हजार मात्र परत नाहीत. “वापरलेला माल परत घेत नाही.” वापरायला मी मागितला कधी होता?

आता तुमच्यासाठी.

सगळ्यात आधी घरात काय येतं ते डोळ्यांनी बघा. बारीक, कडक वायर आणि टोकाला हिरवा किंवा निळा चौकोनी कनेक्टर असेल तर ती फायबर. पारदर्शक प्लॅस्टिकच्या टोकात आठ रंगीत तारा दिसत असतील तर ती लॅन केबल. टेलिफोनची दोन तारांची लाइन आता क्वचितच उरली आहे, पण तिचे एडीएसएल मोडेम दुकानांत आणि ऑनलाइन अजून मिळतात. तो जुना प्रकार फायबरला किंवा लॅनला घेऊ नका. लॅन केबल येत असेल तर तुम्हाला फक्त राउटर लागतो, ओएनयू नाही. माझं सगळं भांडण या एका वाक्यात आहे.

फायबर थेट घरात येत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ओएनयू लागतो आणि तो तुमच्या मनाने आणून चालत नाही, कारण त्याचा सिरियल नंबर कंपनीच्या यंत्रणेत नोंदवावा लागतो. शिवाय लाइन जीपॉन की ईपॉन, यांपैकी कुठल्या प्रकारची तेही जुळावं लागतं. जिओफायबरसारख्या मोठ्या कंपन्यांकडे हा डबा त्यांचाच असतो. तो राहू द्या आणि त्याच्यामागे आपला चांगला राउटर लावा. त्यासाठी डबा ब्रिज मोडवर, म्हणजे राउटरचं काम तुमच्या राउटरकडे सोपवून, टाकून देता का, हे आधी विचारा. हिरवा कनेक्टर हिरव्यातच, निळा निळ्यातच. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, सरमिसळ केली की प्रकाश वाया जातो. लाल दिवा लुकलुकत असेल तर प्रकाश पोचत नाही आहे. तेव्हा डबा बदलून काही होणार नाही, लाइन दुरुस्त व्हायला हवी. माणसाला मीटर लावून आकडा दाखवायला सांगा. जीपॉनला साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएम चालतं, उणे २५च्या पुढे गेलेली लाइन काठावर उभी आहे असं समजा. उघड्या फायबरच्या टोकात डोळा लावू नका, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो.

तीन गोष्टी व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या: लॉगिनचा आयडी-पासवर्ड, व्हीलॅन नंबर असल्यास तो आणि लाइन मॅक अ‍ॅड्रेसला बांधली आहे का. बांधली असेल तर नवीन राउटरमध्ये जुन्याचा मॅक टाकता येतो, बहुतेक राउटरमध्ये ती सोय असते. किंवा त्यांना बाइंडिंग काढायला सांगा, त्यांच्यासाठी ते दोन मिनिटांचं काम आहे. “देत नाही” हे उत्तर तोंडी ऐकून घेऊ नका, लिहून द्यायला सांगा. लिहायची वेळ आली की माझ्या नेटवाल्याची भाषा बदलली.

राउटर घेताना खोक्यावरचा मोठा आकडा विसरा. एसी १२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची बेरीज, तीही कागदावरची. त्याच खोक्यावर बारीक अक्षरात पोर्टपुढे १०/१०० लिहिलेलं असतं आणि मग तुमचा बाराशेचा राउटर शंभरच्या पोर्टवर अडकतो. १०/१००/१००० असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या, वॅन पोर्टवर आणि लॅन पोर्टवरही. काही ओएनयूमध्ये चारपैकी एकच पोर्ट गिगाबिट असतो, म्हणून केबल कुठल्या भोकात जाते तेही बघा.

वायफाय ६ घराला पुरेसं आहे. आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८ मध्ये परवानामुक्त झाला, आणि दाट वस्तीत त्याचाच उपयोग होतो. २.४मध्ये एकमेकांवर न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि उलव्यातल्या एका विंगेत राउटर किती असतील याचा विचार करा. पण ५ गिगाहर्ट्झ भिंतीतून कमी जातं. इथल्याच बामणडोंगरीला सिडकोने २०२२ मध्ये ९६ दिवसांत ९६ घरं प्रीकास्ट तंत्राने उभी केली, तशा घरांच्या भिंती सिमेंट-लोखंडाच्या असतात. नव्या टॉवरमध्येही विटांऐवजी काँक्रीटच्या भिंती सर्रास आहेत. अशा घरात हॉलमधल्या राउटरची रेंज मागच्या बेडरूममध्ये पोचली नाही तर आणखी महाग राउटर घेऊ नका. केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट लावा. स्वस्त रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यात वेग जवळपास निम्मा होतो.

पावसाळ्यात गडगडाट सुरू झाला की प्लग तर काढाच, पण लॅन केबलही काढा. माणसं प्लग काढतात आणि केबल विसरतात, आणि पोर्ट जळतो तो केबलमुळे. राउटरसाठी छोटा यूपीएस घ्यायचा असेल तर ॲडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, काही ९चे. चुकीच्या व्होल्टवर नवं यंत्र जाऊ शकतं.

बिल घ्या, वॉरंटी कार्ड जपून ठेवा, पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, डब्लूपीए २ किंवा ३ ठेवा. हे सगळे सांगतात, मीही सांगते.

आता तक्रारीचं. तुमच्या दारात येणारा नेटवाला बऱ्याचदा फक्त फ्रँचायझी असतो, परवाना दुसऱ्याच कंपनीचा असतो. बिलावर तिचं नाव शोधा आणि तिच्या तक्रार केंद्रात तक्रार करून नंबर घ्या. तिथे समाधान झालं नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. दूरसंचार नियामक ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, तिथे लिहून बसू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत असं कुणी सांगितलं तर फेब्रुवारी २०२२ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा, त्या चालतात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात शुल्कही नाही. या सगळ्याला बिल लागतं, आणि म्हणूनच बिल दिलं जात नाही.

सोसायट्यांनाही सांगायचं आहे. एकाच नेटवाल्याला डक्ट देऊन टाकू नका. दुसरा पर्याय नसला की माणूस ग्राहकाशी कसा बोलतो, ते मी ऐकलंय. ट्रायने २०२४ मध्ये इमारतींच्या डिजिटल जोडणीला रेटिंग देण्याचे नियम आणले आहेत. ते कमिटीपुढे ठेवा. प्रत्येक घराला स्वतंत्र, पूर्ण आठ तारांची केबल किंवा थेट फायबर, असा ठराव करून घ्या आणि डक्टची चावी सोसायटीकडेच ठेवा.

आणि शंभरच्या वरचा कुठलाही प्लॅन घेताना एक अट घाला. त्यांच्या माणसाने तुमच्यासमोर, केबल लावून, गिगाबिट पोर्टच्या लॅपटॉपवर शंभरच्या वरचा आकडा दाखवायचा. आकडा ९४वर थांबला तर डबा विकत घेऊ नका, पैसे देऊ नका आणि त्या माणसाला घेऊन डक्टपाशी जा.