बोट : एक शब्द, अनेक अर्थ

ही वाक्ये मोठ्याने वाचा.
बोटाला सुई लागली.
बोटीला धक्का लागला.

पहिले बोट हाताचे. ते आपले मराठी. दुसरी बोट पाण्यातली. ती इंग्रजांकडून आली.

इंग्रजीत बोट म्हणजे मुळात वल्ह्याची लहान नाव. आपल्याकडे होडी, मचवा, पडाव हे शब्द होतेच. पुढे वाफेचे जहाज आले. इंग्रज त्याला स्टीमबोट म्हणत, आपण आगबोट म्हणू लागलो. मग 'आग' गळाली, 'बोट' उरली. अशा रीतीने धाकट्याचे नाव थोरल्याला मिळाले. कोकणी माणसे बोटीने मुंबईस जात. वाटेत मळमळले की म्हणत, "बोट लागली." त्याच धर्तीवर आता गाडी लागते.

सावित्रीकाठचे आपले दासगावही बंदर होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून जलमार्गाने आले. ते दासगावास उतरले आणि तेथून महाडास गेले.

जुलै २०२१ मध्ये महाडात पूर शिरला. माणसे काढायला रबरी बोटी आल्या. शब्द फिरून लहान नावेवर आला.

यातून आपण काय घ्यावे? शब्द ओळखला म्हणजे अर्थ कळला असे नाही. मागचेपुढचे शब्द पाहावे लागतात. कर्जाचा कागद असो की जमिनीचा, सबंध वाक्य वाचावे, मगच सही करावी.

वहीत लिहा : बोटाने दाखविले. बोटीने गेलो.