अस्सल कागद वर्गात आण

चि. राणी हीस,


शाळेच्या ग्रंथालयात मोठा डिजिटल पडदा बसला, इंटरनेट आलं, आणि आता यावर मुलांना दाखवायचं तरी काय, असं तू विचारलंस. ग्रंथपाल म्हणून रुजू झाल्यापासून तू विचारलेला हा सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे. म्हणून फोनवर न बोलता सावकाश लिहिते आहे.

अस्सल कागद दाखव. तयार व्हिडिओ मुलं घरी मोबाइलवर बघतातच. तुझ्या पडद्यावर जुना आदेश, नकाशा, पत्र, वर्तमानपत्राचं पान आलं पाहिजे, आणि ते एवढं मोठं की शेवटच्या बाकावरच्या मुलीलाही शिक्क्यावरची अक्षरं लावता यावीत.

२६ जुलै १९०२ चा आदेश घे. शाहू महाराजांनी मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, हे कोल्हापुरातल्या प्रत्येक मुलाला पाठ असतं. तो आदेश स्वतः वाचलेलं मूल मात्र क्वचित भेटतं. ज्या कचेरीत या वर्गातली माणसं निम्म्याहून कमी असतील, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातल्याच माणसाला द्यायची, असं त्यात आहे. शिवाय प्रत्येक खातेप्रमुखानं झालेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी पाठवायचा. हा तिमाही तक्ता आपल्या भाषणांत कधी येत नाही. पण तेवढी एक ओळ वाचली की मुलांच्या ध्यानात येतं की हुकूम काढणारा माणूस तो पाळला जातो का, यावरही नजर ठेवून होता. मग एखादं चौकस पोर विचारील, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी महाराज तेव्हा विलायतेत होते ना, मग आदेश निघाला कसा? त्याला लगेच उत्तर देऊ नकोस. तो प्रश्न फळ्यावर लिही आणि आठवडाभर पुसू देऊ नकोस.

असे कागद मिळवायला लांब जावं लागत नाही. शिवाजी विद्यापीठातून डॉ. विलास संगवे यांच्या संपादनाखाली शाहू पेपर्सचे खंड निघाले आहेत. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कोल्हापूरचा चोविसावा खंड १८८६ चा, आणि तो आता संगणकावरही वाचता येतो. देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४५ साली कोल्हापूर संस्थानानं केला. आपल्या पेशाच्या माणसानं हे सांगताना मान ताठ ठेवावी.

कागद पडद्यावर आल्यावर त्याचं नाव आधी सांगू नकोस. काय दिसतं एवढंच विचार. तारीख, सही, शिक्का, खाडाखोड, समासातला शेरा, सगळं त्यांनाच शोधू दे. मग कोणी लिहिलं, कोणाला लिहिलं, आणि लिहिणाऱ्याचा त्यात काय हेतू असेल, याकडे वळ. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं शिक्षकांना हीच वाट घालून दिली आहे: बघा, विचार करा, प्रश्न काढा. एका तासाला एक कागद पुरे. चार दाखवलेस तर मुलं नुसती चित्रं बघतील.

यात इतिहासाच्या शिक्षकांना पहिल्यापासून बरोबर घे. साधन कुठं आहे हे तुला माहीत, कोणत्या धड्याला ते लागेल हे त्यांना. सत्राच्या सुरुवातीला त्यांच्याजवळ बसून धड्यांची यादी कर. ग्रंथपालानं कपाटाची किल्ली सांभाळायची आणि शिक्षकानं पुस्तक संपवायचं, ही वाटणी मला कधीच पटली नाही.

यंत्राचा धाक बाळगू नकोस, पण त्याच्यावर भाळूही नकोस. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. आज बालभारतीच्या पुस्तकांवर ते छापलेले असतात. डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्यांनी समोरच्या मुलाला काय अडतं ते आधी पाहिलं आणि मग यंत्र हाताशी घेतलं. तूही तसंच कर. जुना कागद वर्गात फिरवू नकोस, हातांच्या घामानं तो जातो. फ्लॅश न लावता फोटो काढ आणि फाइलच्या नावातच साल, विषय, कागद कुठून मिळाला हे लिही. हे आज केलं नाहीस तर दोन वर्षांनी तुला स्वतःलाच काही सापडणार नाही.

आता मुलं मोबाइलमधल्या एआयला विचारून उत्तर आणतील. रागावू नकोस. ते उत्तर पडद्याच्या एका बाजूला लाव, मूळ आदेश दुसऱ्या बाजूला, आणि ओळ न् ओळ ताडून बघायला सांग. एआयनं पदरचं काय घातलं ते मुलंच दाखवतील. व्हॉट्सअॅपवरच्या पुराच्या फोटोंचंही तसंच. २०१९ चा फोटो २०२१ चा म्हणून फिरतो. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे आपल्याकडे लहान पोरंही सांगतात. त्यांना घराच्या भिंतीवरची पुराची खूण मोजायला लाव, आजीकडून २००५ च्या पुराची हकिकत ऐकून रेकॉर्ड करून आणायला सांग. सांगणाऱ्याचं नाव, गाव, तारीख टिपायला विसरू देऊ नकोस. उद्याच्या अभ्यासकाला हेच साधन म्हणून लागेल.

शाळेचं जुनं जनरल रजिस्टरही असंच मोलाचं आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला अशीच रजिस्टरं बाहेर निघाली, आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम किंमत आली. तू मोडी शीक, हे माझं आग्रहाचं सांगणं. मात्र रजिस्टर मुलांना दाखवताना नाव आणि जात झाकलेली असू दे. शाळा का सोडली, या एका रकान्यावर अख्खा तास होतो. शेतीचं काम, स्थलांतर, लग्न अशी कारणं मुलं वाचतील तेव्हा शाहू महाराजांच्या १९१७ च्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा अर्थ तुला वेगळा सांगावा लागणार नाही.

दरवर्षी २६ जूनला, शाहू जयंतीला, आपण मुलांकडून भाषणं पाठ करून घेतो. यंदा तसं करू नका. त्या दिवशी १९०२ चा आदेश वर्गात वाचा आणि मुलांना त्यावर प्रश्न लिहू द्या. तुमच्या इतिहासाच्या बाईंशी याबद्दल याच आठवड्यात बोल, आणि मुलांनी लिहिलेले प्रश्न मला पाठव.

तुझी,
आत्या
कोल्हापूर