शंका-समाधान : रस्त्यावर जखमी झालेले शिकारी पक्षी

प्रश्न : डॉक्टर, काल रात्री महामार्गावर एक पांढरं घुबड आमच्या गाडीवर आदळलं. घरी आणून खोक्यात ठेवलंय. रक्त कुठेच नाही, पण डोळे अर्धवट मिटून बसतं. जवळ गेलं की डुलतं, सापासारखं फिस्कारतं. चमच्याने दूध पाजायला गेले तर सगळं ओघळलं. सासूबाई म्हणतात, घुबड घरात आलं, आता काहीतरी वाईट होणार. वनखातं आमच्यावरच केस करेल का? जीव टांगणीला लागलाय.
– एक वाचक, कराड

उत्तर : वर्णनावरून हे गव्हाणी घुबड दिसते. त्याचे डुलणे, फिस्कारणे निव्वळ भीतीपोटी असते. ते उंदरांवर जगते. त्याला अपशकुनी म्हणायचेच तर उंदरांनी म्हणावे. सासूबाईंना निश्चिंत राहायला सांगा.

दूध मात्र थांबवा, पाणीही पाजू नका. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या बुडाशीच असते. पाजलेले दूध-पाणी थेट फुप्फुसात उतरू शकते. एक रात्र उपाशी राहिल्याने त्याचे काही बिघडणार नाही. खोक्याला भोके पाडा, तळाशी जुना टॉवेल घाला, झाकण लावून शांत जागी ठेवा आणि मुलांना दाखवायला सारखे उघडू नका. रक्त नाही म्हणजे मार लागला नाही, असे नव्हे. घुबडाचे डोळे मोठे आणि खोबणीत घट्ट बसलेले असतात. धडकेने दृष्टिपटल (डोळ्याच्या आतला प्रकाश टिपणारा पडदा) सुटला तरी बाहेरून कळत नाही. त्यामुळे ‘उडतंय का बघू’ म्हणून गच्चीवरून सोडू नका. आजच पशुवैद्यकाला दाखवायला हवे, शक्यतो पक्ष्यांवर उपचार करणाऱ्याला.

केसचे म्हणाल, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्षी ताब्यात आल्यास ४८ तासांत कळवावे लागते. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर आत्ताच फोन करा. जखमी पक्षी उचलून लगेच कळवणे वेगळे आणि पाळणे वेगळे.

प्रश्न : मी रात्री ट्रक चालवतो. घुबडं नेमकी दिव्यासमोरच का येतात? दिवसा घारी चाकाखाली येतात. आपलंच चुकतं का, ही रुखरुख राहते.
– एक चालक, जालना

उत्तर : रस्ता म्हणजे त्यांच्यापुढे वाढलेले ताट. मालट्रकमधून सांडलेल्या धान्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे घुबड. गव्हाणी घुबड बरीचशी शिकार कानांनी करते. जमिनीलगत, साधारण बॉनेटच्या उंचीवर, संथ उडत ते गवतातली खसफस ऐकत असते. तेवढ्यात दिव्यांचा झोत येतो आणि ते दिपते. घार मेलेले जनावर खायला रस्त्यावर उतरते, पण तिला एकदम उठता येत नाही. यात दर वेळी चालकाचा दोष नसतो. पक्ष्यासाठी करकचून ब्रेक मारू नका, मागून येणाऱ्याचाही जीव आहे. रस्त्यावर घारी बसलेल्या दिसल्या की दुरूनच वेग कमी करा. उरलेले जेवण खिडकीतून फेकू नका. राष्ट्रीय महामार्गावर मेलेले जनावर पडलेले असेल तर गाडी सुरक्षित जागी थांबवून १०३३ वर कळवा.

प्रश्न : जखमी घार उचलताना तिची नखी मनगटात रुतली. रेबीज होईल का हो? रात्रभर झोप नाही.
– एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग आहे, घारीच्या नखीने तो होत नाही. खरी काळजी वेगळी आहे. त्या नख्या सडक्या मांसात बुडालेल्या असतात आणि जखम अरुंद पण खोल होते. साबण लावून वाहत्या पाण्याखाली नीट धुवा आणि आजच डॉक्टरांकडे जा. धनुर्वाताचे इंजेक्शन लागेल का, ते ठरवतील. मनगट सुजले, ठणकू लागले किंवा बोटे वळवताना दुखले तर रात्र काढू नका. पुढच्या वेळी आधी जाड चादर टाका आणि पाय धरा. घारीच्या चोचीपेक्षा नख्यांना जपायचे असते.