सातवीण की काजरा?
(पाने व साल यांवरून वृक्षांची ओळख)

परदेशी वनस्पतिशास्त्राची पुस्तके चाळताना मेपलचे पान वारंवार भेटते. पंजासारखे फाटलेले हे पान १९६५ पासून कॅनडाच्या ध्वजावर आहे. एकदा पाहिले की विसरत नाही. आपल्या रानात ही सोय नाही. आंबा घ्या, जांभूळ घ्या, फणस घ्या. बहुतेक पाने साधी, अखंड कडेची. म्हणून ‘पानाचा आकार कसा?’ याच्या आधी ‘पाने फांदीवर बसली आहेत कशी?’ हे पाहावे, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असतो.

दिवाडीहून फेरीबोटीने डिचोली तालुक्यातील नार्व्याला उतरावे आणि श्रीसप्तकोटेश्वराच्या देवळाच्या बाजूने रानाकडे वळावे. १६६८ साली शिवछत्रपतींनी जीर्णोद्धार करविलेले हे देऊळ पाहायला पुष्कळ लोक येतात. भोवतालची झाडे पाहायला फारसे कोणी येत नाही. या भागातला ऐन, म्हणजे माट्टी, सालीवरून सहज कळतो. मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची काळपट साल दुसऱ्या कोणाची नव्हे. पण एका ऐनावरून ‘साल पाहिली की झाड कळते’ असा नियम कोणी करू नये. सालीने माणसांचे प्राण घेतले आहेत.

आमच्या कन्नड विभागातील मित्रांना हे ठाऊक असेल. तुळुनाडात आटी महिन्याच्या अमावास्येला, म्हणजे साधारणपणे आपल्या आषाढी अवसेला, सातविणीच्या सालीचा कडू काढा उपाशीपोटी घेण्याची चाल आहे. साल आणायची ती सूर्योदयापूर्वी, तीही लोखंड न लावता दगडाने ठेचून. अंधारात कुणी चुकून काजऱ्याची साल आणली आणि ती पिऊन माणसे दगावली, असे प्रकार तिकडे घडलेले आहेत. काजऱ्यात स्ट्रिक्नीन व ब्रुसीन ही विषे असतात. अंगाला झटके येतात, स्नायू ताठरतात आणि श्वास कोंडतो. दोन्ही साली कडूच, तेव्हा जीभही सावध करीत नाही.

दिवसाउजेडी मात्र या दोन झाडांत घोटाळा होण्याचे कारण नाही. सातविणीची पाने फांदीच्या एकाच पेरावर चार ते सात अशी चक्राकार बसतात. सप्तपर्ण हे संस्कृत नाव त्यावरूनच पडले. पान वर गर्द, खाली फिकट. मधल्या शिरेपासून कडेपर्यंत बारीक उपशिरा जवळजवळ समांतर धावतात. सालीला खाच पडली की पांढरा चीक येतो. काजऱ्याची पाने समोरासमोर, दोन-दोन. पान गोलसर, तुळतुळीत. तळाजवळूनच तीन किंवा पाच ठळक शिरा निघून टोकाकडे वळतात. साल पातळ, करडी. चीक नाही. चीक हा एकटा पुरावा मात्र धरू नये, कारण कुड्यालाही पांढरा चीक असतोच. पण कुड्याची पाने समोरासमोर असतात.

सालीने केवळ खेडूतच फसतात असे समजू नका. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात तापावर अंगोस्तुरा नावाची दक्षिण अमेरिकेतील साल वापरीत. तीत दुसरीच एक साल मिसळून येऊ लागली व विषबाधा झाल्या. पेल्तिए व काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८१९ मध्ये त्या खोट्या सालीतून एक विष वेगळे केले. साल ॲबिसिनियातील ब्रुसिया या झाडाची, अशी तेव्हा समजूत होती, म्हणून विषाला ब्रुसीन नाव दिले. पुढे कळले की ती साल आपल्या काजऱ्याची! नाव तेवढे चुकीच्या झाडाचे राहिले.

आषाढात सातविणीला ना फुले, ना शेंगा. तिचा उग्र वासाचा मोहोर दिवाळीच्या सुमारास येतो. काजऱ्याची नारिंगी फळेही हिवाळ्यातच पिकतात. म्हणून पावसाळ्यात ओळख पटवायची ती पानांवरूनच. संग्रहासाठी नुसती साल आणू नका. त्याच झाडाची पेरासकट डहाळी आणा आणि काहीही चाखून पाहू नका. पुढच्या सहलीला येणाऱ्यांनी एक भिंग व जुनी वर्तमानपत्रे बरोबर घ्यावीत.