खर्रा आईच्या गालात, बाळ पोटात

प्रश्न : आमच्या घाटंजी तालुक्यात कापूस वेचणाऱ्या बऱ्याच बाया खर्रा खातात. दिवस गेले तरी सुटत नाही. 'खर्रा गालात, बाळ पोटात, त्याला काय होते?' म्हणतात. खरंच बाळाच्या मेंदूला काही होतं का?
— एक आशाताई

उत्तर : ताई, गालातच सगळी गोम आहे. पन्नीवर सुपारी, तंबाखू, चुना घोटलेला तो खर्रा गालात धरला की निकोटीन तिथूनच रक्तात उतरतं. वार त्याला अडवत नाही. ते बाळापर्यंत पोचतं.

बाळाच्या मेंदूत चेतापेशींच्या सोबतीला ग्लिया पेशी असतात. 1856 मध्ये जर्मनीच्या रुडॉल्फ विर्खो यांनी त्यांना हे नाव दिलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ सरस. नुसता चिकटवायचा सरस! मला हा त्या पेशींवर अन्यायच वाटतो, कारण गर्भात मेंदू उभा राहतो तो त्यांच्याच आधाराने. काही ग्लिया लांब धागे ताणून धरतात आणि मांडवावर दोडक्याचा वेल चढावा तशा नव्या चेतापेशी त्यांवरून आपल्या जागी जातात. मायक्रोग्लिया विरळणी करतात, म्हणजे चेतापेशींमधले जास्तीचे जोड काढतात. आणखी काही पेशी चेतातंतूंवर मायेलिन गुंडाळतात, मोटारपंपाच्या वायरवर आवरण असतं तसं.

या कामाचे निरोप नेणाऱ्यांत ॲसिटिलकोलीन हे एक रसायन आहे. त्याच्या कुलपात निकोटीनची किल्लीही बसते, आणि ही कुलपं ग्लियांवरही असतात. मग नको त्या वेळी निरोप जातो. गाभण उंदरिणींना निकोटीन दिलं तेव्हा पिल्लांच्या मेंदूत मायेलिनच्या जनुकांचं काम बदललेलं आढळलं. दारू याहून घातक: माकडांच्या गर्भात तिने मायेलिनच्या पेशीच मारल्या. मोहाची घरची म्हणून ती सौम्य होत नाही.

पण त्या बाईला रागावू नका. उन्हात वेचणी करताना ती भूक मारायलाही खर्रा धरते. तिला सांगा, मायेलिनचं काम जन्मानंतरही वीसेक वर्षं चालतं. सातव्या महिन्यात सोडला तरी बाळाच्या पदरात काही पडतंच. निकोटीन दुधातूनही उतरतं, तेव्हा बाळंतपणानंतर पुन्हा धरू नये. थोरल्या पोराला पानठेल्यावर पुडी आणायला पाठवणंही थांबवा, त्यालाही सवय लागू शकते आणि त्याचा मेंदू अजून घडतोच आहे. सोडायला मदत हवी तर 1800-11-2356 हा सरकारी फोन फुकट आहे. पहिला फोन तुमच्यासमोरच लावून द्या.